बावीस वर्षांचे आयुष्य : इंग्रजीचे शिक्षक हेन्री डेरोझिओ



शिक्षकाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पिकल्या केसांचे, मोठमोठ्या पदव्यांचे आणि तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेले गृहस्थ उभे राहतात. आज ज्या शिक्षकाची ओळख मी आपणांस करून देणार आहे, त्याच्यापाशी यांपैकी काहीएक नव्हते. कोणत्याही कॉलेजात तो शिकला नव्हता. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. सतराव्या वर्षी तो शिक्षक झाला. बावीस वर्षे पूर्ण होताच त्याची नोकरी गेली आणि त्याच साली त्याने या जगाचा निरोप घेतला. उणीपुरी पाच वर्षे त्याने मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवला. तरीही आज जवळजवळ दोनशे वर्षांनंतर हिंदुस्थानातील थोर शिक्षकांची यादी करावयास कोणी बसला, तर हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हे नाव त्याला गाळता येत नाही.

पालकहो, आमच्या शाळेत पालकसभा भरते तेव्हा दोन प्रश्न हमखास निघतात. एक असा की, इंग्रजी शिकून आमचा मुलगा आमच्या हाताबाहेर तर जाणार नाही ना? आईबापांची अदब, घरची रीत, दीन-ईमान हे सारे तो विसरणार तर नाही ना? आणि दुसरा असा की, आमच्या मुलाला समजून घेणारा, त्याच्यावर माया करणारा शिक्षक त्याला मिळेल का? हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत, आणि डेरोझिओंच्या अल्प आयुष्यात ते एकमेकांसमोर उभे ठाकले. म्हणूनच हे चरित्र आपणांसमोर मांडावेसे वाटले.

हेन्रीचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात झाला. वडील फ्रान्सिस हे एका इंग्रज व्यापारी पेढीत चांगल्या हुद्द्यावर होते. घराण्याचे मूळ एका बाजूने पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूने हिंदी. अशा मिश्र वंशाच्या लोकांना त्या काळी युरेशियन किंवा ईस्ट इंडियन म्हणत. हा समाज संख्येने लहान, आणि त्याची स्थिती मोठी चमत्कारिक. इंग्रज त्यांना आपल्यात घेत नसत आणि इथले लोक त्यांना परके समजत. वरच्या सरकारी जागांचे दरवाजे त्यांना बंद होते. समाजात एका कडेला उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे हेन्रीने लहानपणीच अनुभवले. त्यातच तो सहा वर्षांचा असताना आई वारली. दुःख लवकर पाहिलेली माणसे एक तर कडू होतात, नाही तर दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकतात. हेन्री दुसऱ्या जातीचा निघाला.

त्याचे नशीब असे की, त्याला शाळा चांगली मिळाली. धरमतल्ला भागात डेव्हिड ड्रमंड नावाच्या स्कॉटिश गृहस्थांची शाळा होती. ड्रमंड स्वतः कवी होते, विद्वान होते. त्यांच्या शाळेची खरी थोरवी अशी की, तेथे इंग्रज, युरेशियन आणि बंगाली मुले एकाच बाकावर बसत. कोण कोणाचा मुलगा, कोणाचा रंग कसा, याची तेथे विचारपूस नव्हती. ज्या काळात शहरातील वस्त्यासुद्धा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा वेगळ्या होत्या, त्या काळात हा एक बाक म्हणजे केवढा मोठा धडा होता! आठ वर्षे हेन्री ड्रमंड साहेबांच्या हाताखाली शिकला. इंग्रजी काव्याची गोडी त्याला येथेच लागली. कोणतीही गोष्ट कोणी सांगितली म्हणून मानू नये, आधी ती तपासून पाहावी, ही सवयही त्याला येथेच जडली. विद्यार्थी मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. पुढे जे शिक्षक डेरोझिओ म्हणून नावाजले, त्यांच्यामागे आणखी एक शिक्षक होता. चांगला शिक्षक आभाळातून पडत नाही, त्याला कोणीतरी आधी चांगले शिकवलेले असते.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून हेन्री वडिलांच्या पेढीत कारकुनीस लागला. दोन वर्षांत तो आकड्यांना कंटाळला. मग त्याला बिहारमध्ये भागलपूरजवळ तारापूर येथे मामांकडे पाठवण्यात आले. मामा आर्थर जॉन्सन यांचा तेथे निळीचा कारखाना होता. निळीचे काम त्याला कितपत जमले ते राहो, पण गंगेच्या काठाने मात्र त्याला कवी बनवले. नदीच्या पात्रात जहांगिरा नावाचा एक खडक आहे. तेथे पूर्वी एक फकीर राहत असे, अशी दंतकथा त्याच्या कानी आली. तिच्यावरून पुढे त्याने जे दीर्घकाव्य रचले, ते 'द फकीर ऑफ जंघीरा' या नावाने १८२८ साली कलकत्त्यात छापले गेले. त्याचा नायक एक मुसलमान फकीर असून सतीच्या चितेवर चढवल्या जाणाऱ्या एका हिंदू विधवेला तो सोडवतो, आणि शेवटी दोघांचाही अंत होतो, असे ते कथानक आहे. ज्या वयात आपली मुले अकरावी-बारावीच्या परीक्षेची तयारी करतात, त्या वयात एका मुलाने परक्या धर्मांतील दोन माणसांची व्यथा इतक्या आपलेपणाने मांडावी, ही गोष्ट लहान नव्हे.

तारापुराहून तो 'इंडिया गॅझेट' या कलकत्त्याच्या पत्राकडे टोपणनावाने कविता धाडीत असे. संपादक डॉ. जॉन ग्रँट यांनी हा हिरा ओळखला आणि त्याला उत्तेजन दिले. हेन्री कलकत्त्यास परतला, आणि १८२६ साली हिंदू कॉलेजात इंग्रजी साहित्य व इतिहास या विषयांचा शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. पगार दरमहा १५० रुपये. येथून पुढे आपण त्यांना अहोजाहो करू, कारण वय सतरा असले तरी आता ते गुरुजी झाले होते.

या हिंदू कॉलेजाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. १८१७ साली कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी वर्गणी जमवून ते काढले. सरकार काही करील म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. या कामी डेव्हिड हेअर नावाच्या एका घड्याळजीने, जो जन्माने स्कॉटिश पण मनाने कलकत्तेकर होता, आपले आयुष्य खर्ची घातले. मात्र तेथे केवळ हिंदू मुलांना प्रवेश होता. मुसलमानांसाठी १७८० साली स्थापन झालेला कलकत्ता मदरसा वेगळा होता. पुढे १८५५ साली या कॉलेजाचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि त्याचे दरवाजे सर्व जातिधर्मांना उघडले. तेच २०१० साली विद्यापीठ झाले. त्याच्या एका सभागृहाला डेरोझिओंचे नाव आहे.

आता शिक्षक म्हणून डेरोझिओ वर्गात काय करीत, ते पाहू. त्या काळी इंग्रजी शिकणे म्हणजे शब्दांच्या याद्या तोंडपाठ करणे, असाच समज होता. ज्याला जास्त शब्द पाठ तो मोठा विद्वान. अर्थ कळो न कळो, पोपटासारखे घडाघडा म्हणता आले म्हणजे झाले. चुकल्यास वेताची छडी होतीच. डेरोझिओंनी ही रीत मोडली. पाठ्यपुस्तकातील धडा वाचून दाखवून ते थांबत नसत. त्या धड्यातील माणसे अशी का वागली, त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते, असे ते मुलांना विचारीत आणि मुलांचे म्हणणे पुरते ऐकून घेत. एका बाजूचे मत मांडले की लगेच त्याच्या विरुद्ध बाजूचेही मांडीत, आणि निवड मुलांवर सोडीत. मुलगा आपल्याशी असहमत झाला तर त्यांना राग येत नसे, उलट समाधान वाटे.

शाळा सुटल्यावर इतर मास्तर घरी जात. डेरोझिओ मात्र वर्ग भरण्याआधी आणि सुटल्यानंतरही मुलांच्या घोळक्यात असत. ज्याला शंका असेल त्याने विचारावी, ज्याला पुस्तक हवे असेल त्याने न्यावे. त्यांच्या घराचे दारही मुलांना सदैव उघडे असे. तेथे चहा-फराळ होई, कविता वाचल्या जात, इतिहासावर वाद चालत. हे गुरुजी विद्यार्थ्यांपेक्षा फार तर चार-सहा वर्षांनी मोठे होते. तरीसुद्धा मुलांच्या मनांत त्यांच्याविषयी जो आदर होता, तो छडी उगारणाऱ्या एकाही मास्तराच्या वाट्याला आला नाही.

१८२८ साली त्यांच्या प्रेरणेने अॅकॅडेमिक असोसिएशन नावाची वादसभा निघाली. माणिकतल्ला येथील एका बागेतल्या बंगल्यात तिच्या बैठका भरत. दैव मोठे की प्रयत्न मोठा, सद्गुण कशाला म्हणावे, देशाविषयीचे कर्तव्य कोणते, ईश्वराच्या अस्तित्वाविषयी बाजूने व विरुद्ध काय सांगता येईल, असे विषय चौदा ते अठरा वर्षांची मुले इंग्रजीतून बोलत. अध्यक्षस्थानी डेरोझिओ असत. डेव्हिड हेअर यांच्यासारखे वयोवृद्ध गृहस्थ कोपऱ्यात बसून ही भाषणे कौतुकाने ऐकत. मित्रांनो, ज्या मुलांना तीन-चार वर्षांपूर्वी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापलीकडे इंग्रजी येत नव्हते, ती मुले आता त्या भाषेत विचार करू लागली होती. परभाषा शिकवण्याचे सारे मर्म येथे आहे. ज्याला काही सांगायचे आहे त्याला भाषा येते. ज्याला कोणी काही विचारतच नाही, त्याला शंभर नियम पाठ करून दिले तरी ती येत नाही.

या शिकवणुकीचा मुलांच्या चारित्र्यावर काय परिणाम झाला, तेही सांगतो. त्या वेळच्या एका गृहस्थाने पुढे लिहून ठेवले की, कॉलेजचा विद्यार्थी आणि सत्यवचनी हे दोन शब्द तेव्हा कलकत्त्यात एकच अर्थाचे होऊन बसले होते. अमका मुलगा खोटे बोलणार नाही, कारण तो कॉलेजात शिकतो, असे लोक म्हणत. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, हे वाचून आपणां सर्वांना आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण हा जो दुसरा निकाल आहे, तो कोणत्या गुणपत्रिकेत लिहायचा?

इतके सारे चांगले चालले असता विघ्न कोठून आले? येथेच या चरित्राचा अवघड भाग सुरू होतो. मुले घरी जाऊन प्रश्न विचारू लागली. अमुक रीत का, तमुक बंधन का, विधवांना असे का वागवतात, जातीचा एवढा बडेजाव कशासाठी? सतीची चाल सरकारने १८२९ च्या डिसेंबरात बंद केली होती आणि शहरातील वातावरण तापलेले होते. अशा वेळी घरातल्याच मुलाने असे प्रश्न करावेत, याचा वडीलधाऱ्यांना धसका बसला. काही मुले तारतम्य सोडून वागली, हेही खरे. पूजाअर्चेची टवाळी करणे, निषिद्ध पदार्थ मुद्दाम खाणे, यातच सुधारणा आहे असे त्यांना वाटू लागले. प्रश्न विचारणे वेगळे आणि वडिलांचे मन दुखावणे वेगळे, हा भेद कोवळ्या वयात नेहमीच कळतो असे नाही.

त्यात अफवांची भर पडली. घरोघर बातम्या पोहोचवणारी माणसे प्रत्येक गावात असतात, तशी तेथेही होती. डेरोझिओ ईश्वर नाही असे शिकवतात, आईबापांची आज्ञा मोडायला सांगतात, एवढेच नव्हे तर बहीण-भावाच्या विवाहास मान्यता देतात, असे नाही नाही ते आरोप कानोकानी पसरले. काही घरांनी मुले कॉलेजातून काढून घेतली, कित्येक गैरहजर राहू लागली. तेव्हा २३ एप्रिल १८३१ रोजी कॉलेजच्या व्यवस्थापकांची सभा बोलावण्यात आली.

या सभेचा वृत्तान्त कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या चालकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. पहिला प्रश्न असा निघाला की, हा शिक्षक मुलांना शिकवण्यास नालायक आहे काय? यावर सर्वांचे एकमत होईना. दोघा-तिघांनी होय म्हटले. पण काहींनी पुरावा नाही म्हणून त्यांना निर्दोष ठरवले. हेअर यांनी तर हा अत्यंत लायक शिक्षक असून त्याच्या शिकवण्याने मुलांचे कल्याणच झाले आहे, असे निक्षून सांगितले. कॉलेजचे देखरेख पाहणारे संस्कृत पंडित एच. एच. विल्सन यांनीही आपल्याला काही वाईट परिणाम दिसला नसल्याचे नमूद केले. मग प्रश्नच बदलण्यात आला. शहरातील लोकांच्या सध्याच्या भावना पाहता या शिक्षकाला काढणे सोयीचे आहे काय? हिंदू समाजाच्या भावनांविषयी आपण परक्यांनी बोलणे योग्य नाही म्हणून विल्सन आणि हेअर यांनी मत दिले नाही. उरलेल्यांच्या बहुमताने डेरोझिओंना काढण्याचे ठरले. दोष सिद्ध झाला नाही, पण शिक्षा झाली. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले होते, त्याला एका शब्दाने कोणी विचारले नाही.

दोनच दिवसांनी, २५ एप्रिल रोजी, डेरोझिओंनी राजीनामा दिला. आपल्यावर आरोप काय ते कळवले नाही, साक्षीदार समोर आणले नाहीत, बाजू मांडण्याची संधी दिली नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. विल्सन यांनी खासगी पत्राने त्या तिन्ही आरोपांविषयी विचारणा केली. डेरोझिओंनी दुसऱ्याच दिवशी जे उत्तर धाडले, ते आजही उपलब्ध आहे. त्याचा आशय आपण समजून घ्या.

त्यांनी कळवले की, ईश्वर नाही असे आपण कोणालाही कधी सांगितले नाही. या विषयावरील शंकाकारांचे लेखन मुलांपुढे ठेवले हे खरे. पण त्याला थोर तत्त्वज्ञांनी दिलेली उत्तरेही त्याच मुलांपुढे ठेवली. एकच बाजू दाखवणे म्हणजे मुलाच्या बुद्धीशी बेइमानी करणे होय, असे त्यांचे मत होते. बहीण-भावाच्या विवाहाचा आरोप तर इतका हास्यास्पद होता की, तो नाकारावा लागतो याचेच त्यांना दुःख झाले. आणि आईबापांच्या आज्ञेविषयी? येथे त्यांनी दोन उदाहरणे दिली.

एक विद्यार्थी त्यांच्या समक्ष आपल्या वडिलांशी उर्मटपणे वागला होता. डेरोझिओंनी त्याची कानउघाडणी केली आणि सांगितले की, वडिलांची माफी मागितल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही. त्या मुलाने माफी मागितली, तेव्हाच गुरुजी त्याच्याशी बोलले. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला घरात फार जाच होता. तो घर सोडण्याची भाषा करी. डेरोझिओंनी त्याला वेळोवेळी धीर दिला, सोसण्याचा सल्ला दिला. शेवटी त्याने घर सोडले ते गुरुजींना न विचारता. पालकहो, आपला मुलगा ज्याच्यामुळे बिघडला असे कलकत्त्याच्या वडीलधाऱ्यांना वाटत होते, तोच माणूस एकांतात त्यांच्या मुलांना बापाचे पाय धरायला सांगत होता. आणि हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोणी त्याच्याकडे जाऊन विचारलेच नाही.

येथे मी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. डेरोझिओंचे सारेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. त्यांचे लक्ष मुलांवर होते. मुलांच्या मागे जे घर उभे असते, तेथे आजी असते, काळजी करणारी आई असते, शिक्षणाने मुलगा दुरावेल या भीतीने रात्र-रात्र जागणारा बाप असतो. त्या घराशी बोलणारा पूल त्यांनी पुरेसा बांधला नाही. वय अवघे बावीस, मिळालेली वर्षे पाच. कदाचित आणखी दहा वर्षे मिळती तर तेही त्यांनी केले असते. त्यांच्या राजीनाम्यानंतर चार महिन्यांनी काही तरुणांनी एका शेजाऱ्याच्या घरात निषिद्ध मांस फेकले आणि त्यांच्या ज्या सोबत्याच्या घरी हे घडले, त्याला गैरहजर असूनही आपले घर सोडावे लागले. दुसऱ्याच्या श्रद्धेचा असा अपमान करण्यात शौर्य नाही. शिक्षकाने प्रश्न विचारायला शिकवावे, पण त्याबरोबरच ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्या मनाची कदर करायलाही शिकवावे. आम्हा शिक्षकांसाठी या चरित्रातील हा मोठा बोध आहे.

नोकरी गेल्यावर डेरोझिओ हात जोडून बसले नाहीत. 'ईस्ट इंडियन' नावाचे वृत्तपत्र त्यांनी काढले. आपल्या युरेशियन समाजाला न्याय मिळावा म्हणून विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज करण्याची जी चळवळ चालू होती, तीत भाग घेतला. शिष्यांचे घरी येणे-जाणे पूर्वीसारखेच राहिले. डिसेंबरात ते आपल्या जुन्या शाळेच्या, ड्रमंड साहेबांच्या शाळेच्या, वार्षिक परीक्षेस उपस्थित राहिले. सर्व वर्णांची मुले तेथे आजही एकत्र शिकताहेत, हे पाहून त्यांना आनंद झाला आणि आपल्या पत्रात त्यांनी तो नोंदवला. त्यानंतर लगेच त्यांना पटकीने गाठले. त्या काळी या रोगावर इलाज नव्हता आणि लोक रोग्याच्या जवळ जायला भीत. परंतु डेरोझिओंच्या उशाशी त्यांचे शिष्य रात्रंदिवस बसून होते. ज्या मुलांना त्यांच्यापासून तोडण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तीच मुले अखेरपर्यंत शुश्रूषा करीत होती. २६ डिसेंबर १८३१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

शिक्षकाचे मोजमाप त्याच्या शिष्यांवरून होते. वर्गात आणि वादसभेत त्यांच्या सहवासात आलेल्या तरुणांची नावे पाहा. राधानाथ सिकदार हे सर्वेक्षण खात्यात गणिती झाले, आणि जगातील सर्वांत उंच शिखर कोणते ते १८५२ साली त्यांच्या आकडेमोडीतून सिद्ध झाले. आज त्याला आपण एव्हरेस्ट म्हणतो. प्यारीचंद मित्र यांनी साध्या बोलीत बंगाली कादंबरीचा पाया घातला. राधानाथ आणि प्यारीचंद या दोघांनी मिळून स्त्रियांना सहज वाचता यावे असे मासिक १८५४ साली काढले. इंग्रजीच्या मास्तरांचे शिष्य मातृभाषेची सेवा करू लागले, हे विशेष! रामगोपाल घोष नामांकित वक्ते झाले. कृष्णमोहन बॅनर्जी मोठे पंडित व लेखक झाले. दक्षिणारंजन मुखर्जी यांनी कलकत्त्यातील बेथून यांच्या मुलींच्या शाळेसाठी आपली जमीन दिली. शिवचंद्र देव यांनी आपल्या कोननगर गावात शाळा काढल्या. आणि रामतनू लाहिरी? ते जन्मभर शाळामास्तर राहिले, ठिकठिकाणच्या शाळांत मुलांवर पोटच्या पोरांसारखी माया करीत राहिले. ते १८९८ साली वारले आणि १९०४ साली शिवनाथ शास्त्री यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र त्या संबंध काळाचा इतिहास म्हणून गणले जाते. ड्रमंडपासून डेरोझिओ, डेरोझिओंपासून रामतनू. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो तो असा.

आता आपण म्हणाल, हे सारे कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातले, त्याचा आम्हांशी काय संबंध? संबंध आहे. जी भीती १८३१ साली त्या पालकांना वाटली, तीच भीती पुढे आपल्या समाजालाही वाटली. इंग्रजी शिकला की मुलगा गेला, हे वाक्य आपल्या वाडवडिलांनीही उच्चारले. तिच्याशी झुंज देत १८६३ साली कलकत्त्यात नवाब अब्दुल लतीफ यांनी मुसलमानांची वाङ्मयीन सभा काढली. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा उघडली. दीन सांभाळून नवी विद्या घेता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले. ज्या धर्माच्या पहिल्या वहीतच पठणाची आज्ञा आली, त्या धर्माच्या लेकरांनी विद्येला भ्यावे हे शोभणारे नाही. परंतु भीती वाटणाऱ्याला हसून भीती जात नाही. त्याच्याजवळ बसावे लागते. शिक्षकाने पालकाजवळ आणि पालकाने शिक्षकाजवळ.

मी स्वतः इंग्रजीच शिकवतो. आपल्या मोहल्ल्यातून येणारा मुलगा घरी एक भाषा बोलतो, शाळेत मराठी, नमाजेत अरबी, आणि मग आम्ही त्याच्यापुढे चौथी भाषा ठेवतो. वाचताना तो अडखळला की वर्ग हसतो. त्या हसण्याने तो जो गप्प होतो, तो कधीकधी दहावीपर्यंत तोंड उघडत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशा एका मुलाचा उच्चार सर्वांदेखत सुधारला होता आणि त्याला हसण्यात कळत-नकळत सामील झालो होतो. त्या मुलाने पुन्हा वर्षभर हात वर केला नाही. ती चूक माझी होती, त्याची नव्हे. आता मी आधी त्याला बोलू देतो, चूक मग पाहतो. ही रीत मी नवी शोधली नाही. सतरा वर्षांच्या एका गुरुजींनी ती फार पूर्वीच दाखवून ठेवली आहे.

म्हणून शेवटी तिघांना तीन विनंत्या करतो. विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारा, पण वडिलांशी उर्मटपणा कराल तर तुमचा आवडता शिक्षकही तुमच्याशी बोलणार नाही, हे विसरू नका. पालकहो, मुलाच्या शिक्षकाविषयी काही कानी आले तर ते चार लोकांत बोलण्याआधी शाळेत या, त्याच्यासमोर बसा, त्यालाच विचारा. आणि संस्थेच्या आदरणीय चालकांना नम्रतेने सांगावेसे वाटते की, कोणत्याही शिक्षकाविषयी निर्णय घेण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची जी चांगली प्रथा असते, ती कधीही मोडू देऊ नका. न ऐकता घेतलेला एक निर्णय कलकत्त्याच्या त्या कॉलेजाला अद्याप चिकटून आहे.

डेरोझिओंना आयुष्य फार थोडे मिळाले. आपल्या मुलांच्या शिक्षकांना ते भरपूर मिळो आणि त्या आयुष्याचे चीज करण्याची सद्बुद्धी अल्लाह आम्हा सर्वांना देवो. आमीन.